बाभूळफाट्याचे शुभेच्छुक

एक होतं जंगल. त्या जंगलात एक रस्ता होता आणि तो अगदी सरळ होता. जंगलात दुसरं काहीच सरळ नसल्यामुळे त्याचं फार कौतुक होई. लांबलांबची जनावरं तो बघायला येत, मधोमध उभं राहून "वा, काय रस्ता आहे!" म्हणत, आणि म्हणता म्हणता रोह्यांच्या, म्हणजे नीलगाईंच्या, कळपाखाली सापडत.

त्या रस्त्याचं नाव राजमार्ग. तो माननीय शिंगाडेसाहेबांनी केला होता. शिंगाडेसाहेब जातीने रानगवा आणि पेशाने जंगलाचे प्रमुख. पूर्वी त्या जंगलाला राजा असे. मग लोकशाही आली आणि राजाला निवडून यावं लागेल असं ठरलं, म्हणून तो निवडून येऊ लागला.

राजमार्गावरून मोठी जनावरं सुसाट धावत. सांबरं धावत, रोही धावत, गव्यांचे ताफे तर डोळे मिटून धावत. कुठे पोचायचं हे कोणाला माहीत नसे, पण लवकर पोचायचं असे. या रस्त्याला बाभूळफाट्यावर एक पायवाट आडवी जात होती. पायवाट रस्त्याहून कितीतरी जुनी. ती खालच्या वस्तीतून निघे आणि रस्ता ओलांडून कंदांच्या रानात, तिथून पाणवठ्यावर जाई. खालच्या वस्तीत ससे, घुशी, साळिंदरं, कासवं अशी बारकी जनता राही. त्यांची बिळं रस्त्याच्या अलीकडे होती आणि पोट पलीकडे. रस्ता आखताना हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण नकाशा गरुडाने उंचावरून काढला होता, आणि तेवढ्या उंचीवरून बिळं दिसत नाहीत.

तरी निभत होतं. फाट्यावर यायचं, डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं, धूळ दिसली तर थांबायचं, नाही दिसली तर पळायचं. एवढी साधी गोष्ट होती. पण मग फाट्यावर फलक लागू लागले.

या जंगलाची एक रीत होती. कोणा मोठ्या जनावराचा वाढदिवस आला, त्याची कशावर निवड झाली, त्याला पडसं होऊन ते बरं झालं, की फाट्यावर त्याचा फलक लागे. शिंपी पक्षी सागाची पानं जोडून जोडून गव्याहून उंच पडदा शिवत. चितारी सरडा त्यावर साहेबांचा चेहरा काढी; सरड्याकडे सगळे रंग असत आणि सरकार बदललं तरी त्याचं काम अडत नसे. साहेबांच्या चेहऱ्याखाली लहान लहान गोलांत आणखी चेहरे असत. त्यांना शुभेच्छुक म्हणत. पहिल्या ओळीत रानडुकरं, दुसऱ्या ओळीत माकडं, आणि अगदी तळाला, गवतात अर्धी बुडालेली, खालच्या वस्तीची ओळ. त्या ओळीत आपला चेहरा यावा म्हणून वस्तीतली जनावरं वर्षभर झिजत. गोलात आलेला ससा महिनाभर कान ताठ करून हिंडे, आणि ज्याचा चेहरा हुकला तो घरी बायकोवर चिडे.

बारकू साळिंदराचा चेहरा त्या वर्षी पहिल्यांदा आला. पानं बांबूंना टाचायला काटे हवे होते. बारकूने आपल्या पाठीचे सगळे लांब काटे काढून दिले आणि त्या बदल्यात तळाच्या ओळीत, एक घूस आणि एक खार यांच्या मधे, त्याला जागा मिळाली. सरड्याने त्याचे डोळे जरा तिरळे काढले होते, पण बारकूची काही तक्रार नव्हती. तो बायकोला, गिरजाबाई साळूला, घेऊन आला.

"बघ," तो म्हणाला. "साहेबाच्या शेजारी."

"शेजारी कुठं? पायाशी हाईत तुमी," गिरजाबाई म्हणाली. पण तिलाही बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोला.

साहेबांच्या वाढदिवसाचा तो फलक लागला नेमका फाट्याच्या कडेला, म्हणजे जिथे उभं राहून डावीकडे बघायचं असे तिथेच. कारण तिथे लावला की रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसे. तिसऱ्या दिवशी बारकू संध्याकाळी कंद आणायला निघाला. डावीकडे बघितलं तर साहेबांचा कान. त्याने अंदाज घेतला आणि फलकाच्या कडेने पुढे पाऊल टाकलं. त्याच क्षणी रोह्यांचा कळप आला. कळप थांबला नाही. थांबायची सोय राजमार्गाच्या आराखड्यातच नव्हती.

दुसऱ्या दिवशी शिंगाडेसाहेब सांत्वनाला आले. सोबत ताफा होता, चितारी सरडा होता. गिरजाबाई बिळाच्या तोंडाशी बसली होती. तिच्यामागे तिची लेक ठकी; काटे अजून मऊ, जन्मल्यापासून रस्त्याच्या पलीकडे न गेलेली. साहेबांनी हंबरून दुःख व्यक्त केलं आणि गिरजाबाईला जवळ घेतलं. साळूला जवळ घेऊ नये हे जंगलात शेंबड्या पोराला कळतं, पण सरडा समोर असला की साहेब कोणालाही जवळ घेत. साहेबांच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी आलं. ते चित्र पुढे फार गाजलं.

"ताई, सरकार तुमच्या पाठीशी आहे," नाकातला काटा उपटत साहेब म्हणाले. "काय हवं ते मागा."

"काय नको मला," गिरजाबाई म्हणाली. "तेवढा फलक काढा. पोरगी मोठी हुतीया. अलीकडचे कंद संपत आले. उद्या तिला पलीकडं जावंच लागंल. रस्ता दिसला तर ती जगंल, न्हाई तर तिच्या बापासारखी जाईल."

माकडांनी एकमेकांकडे बघितलं. वस्तीतले ससेसुद्धा दोन पावलं मागे सरकले.

"फलक?" साहेबांचे स्वीय सहायक रानडुक्कर म्हणाले. "अहो, त्यावर साहेबांचा चेहरा आहे."

"म्हनून तर दिसत न्हाई."

"आणि तुमच्या यजमानांचाही चेहरा आहे. त्यांची आठवण अशी उतरवायची? शोभतं का हे?"

गिरजाबाई खरंच त्या सकाळी फलकापाशी जाऊन बारकूचे ते तिरळे डोळे बघून आली होती. साहेबांनी मान डोलावली आणि समिती नेमली.

समितीचे अध्यक्ष होते घुबड. ते या विषयातले जाणकार मानले जात, कारण ते कधी हसत नसत. त्यांनी फाट्याची पाहणी भर दुपारी बारा वाजता केली. एका फांदीवर बसून त्यांनी चारी दिशांना मान फिरवली, आणि अहवाल दिला की फाट्यावर फलक, वळण, वाहतूक किंवा धोका यांपैकी काहीही आढळलं नाही. तरीही अपघात होतात, याचा बारकाईने विचार केल्यावर समितीच्या असं ध्यानात आलं की झालेला प्रत्येक अपघात रस्ता ओलांडणाऱ्याचाच आहे. रस्ता न ओलांडणाऱ्या एकाही प्राण्याला आजवर इजा झालेली नाही. तेव्हा जनजागृती करावी.

मग रस्ता सुरक्षा सप्ताह आला. शिंगाडेसाहेबांनी भाषण केलं. "माझ्या तमाम चतुष्पाद बंधूंनो आणि भगिनींनो! हा रस्ता कोणाचा? तुमचा! वेग कोणाचा? तुमचा! मग जीव कोणाचा?" गर्दीतून आवाज आला, "आमचा!" साहेब म्हणाले, "मग त्याची काळजीही तुम्हीच घेतली पाहिजे!" टाळ्या थांबेनात. पोरांनी घोषणा दिल्या:

"शिंगाडेसाहेबांचा एकच ध्यास, 
फाट्यावर प्रत्येकाचा सुरक्षित प्रवास!"

सप्ताहाच्या उद्घाटनाचा फलक फाट्यावर लागला. डावी बाजू आधीच भरलेली असल्यामुळे तो उजवीकडे लावला. त्यावर साहेब छातीवर खूर ठेवून 'आधी बघा, मग जा' असं सांगत होते. आता डावीकडे बघितलं की साहेब दिसत आणि उजवीकडे बघितलं की साहेब दिसत. सप्ताह संपायच्या आत एक घूस गेली, तळाच्या ओळीत बारकूच्या शेजारी होती तीच.

आता मात्र वस्तीत कुजबुज वाढली. सरकार कुजबुजीला घाबरत नाही, पण निवडणूक जवळ आली होती. साहेबांनी फाट्यावर गतिरोधक जाहीर केला. त्याचं भूमिपूजन झालं, मग त्याच जागेचं पायाभरणी म्हणून पुन्हा पूजन झालं, आणि दोन्ही वेळा रानडुकरांनी नारळ खाल्ले. गतिरोधकासाठी आणलेली माती आणि मुरूम ठेकेदारांच्या दारांकडे कसे वळले हे कळलं नाही. ठेकेदार आणि स्वीय सहायक सख्खे भाऊ होते, एवढंच कळलं. शेवटी तातडीचा उपाय म्हणून खालच्या वस्तीतल्या कासवांना गतिरोधक नेमण्यात आलं. नेमणूक कंत्राटी होती. कासवांनी सकाळी रस्त्यावर आडवं पडायचं आणि सूर्य मावळला की उठायचं. कासवांच्या पुढाऱ्याने सगळ्यांना समजावलं की आजवर आपल्याला हळू म्हणून हिणवलं, आज त्याच गुणाला सरकारने मान दिला. कासवं भरून पावली. पहिल्याच दिवशी गव्यांचा ताफा त्यांच्यावरून गेला आणि ताफ्यातल्या एकाने तक्रार केली की रस्ता फार खडबडीत झाला आहे. जी कासवं वाचली त्यांना कामावर झोपल्याबद्दल नोटीस मिळाली.

गिरजाबाई पुन्हा साहेबांच्या दारी गेली. या वेळी साहेबांनी तिला जवळ घेतलं नाही, लांबूनच नमस्कार केला.

"गतिरोधक न्हाई, काय न्हाई. फलक काढा," ती म्हणाली.

"पट्टे मारतो," साहेब म्हणाले. "चुन्याचे पांढरे पट्टे. प्रगत जंगलांत असतात. पट्टे दिसले की समोरचा थांबतो."

पट्टे मारले गेले. खोटं वाटेल, पण ते कामाचे निघाले. पांढरं काहीतरी आडवं दिसल्यावर रोही बुजत आणि जरा दमाने येत. वस्तीतली जनावरं त्या पट्ट्यांवरून घाबरत घाबरत का होईना, पण पलीकडे पोचू लागली. गिरजाबाई ठकीला म्हणाली, "आणिक चार दिस बघू. असंच राहिलं तर तुला पाणवठा दावीन."

चारच दिवसांत विरोधी पक्षनेते हसमुखराव तरस फाट्यावर आले. हसमुखरावांच्या अंगावर जन्मजात पट्टे होते आणि पट्टे हीच त्यांच्या पक्षाची निशाणी होती. ते रस्त्याकडे बघून इतके हसले की त्यांना खोकला लागला.

"बघा!" ते सभेत म्हणाले. "सरकारला शेवटी आमचेच पट्टे घ्यावे लागले! जनता आमच्या निशाणीवरून चालली आहे. हा आमचा नैतिक विजय आहे!"

दुसऱ्या दिवशी निवडणूक जाहीर झाली. निवडणूक अधिकारी म्हणून पाणवठ्यावरच्या बगळ्याची नेमणूक झाली. बगळा पांढराशुभ्र होता आणि तासन्‌तास हलत नसे, त्यामुळे त्याच्या निःपक्षपातीपणाबद्दल कोणाला शंका नव्हती. शिंगाडेसाहेबांच्या पक्षाने तक्रार केली की सरकारी रस्त्यावर विरोधकांची निशाणी आहे. बगळ्याने तासाभरात आदेश काढला, आणि आचारसंहिता म्हणून पट्ट्यांवर चिखल थापण्यात आला.

गिरजाबाई बगळ्याकडे गेली. "साहेब, पट्टे झाकले. मग ते दोन फलक बी झाका की."

"त्यावर निशाणी नाही," बगळा म्हणाला.

"तोंड हाय ना."

"तोंड निशाणीत येत नाही. शिवाय एकावर वाढदिवस आहे आणि दुसऱ्यावर सुरक्षा. दोन्ही गोष्टी पक्षातीत आहेत."

त्या आठवड्यात एक ससा, दोन घुशी आणि उरलेल्यांपैकी एक कासव गेलं. अलीकडचे कंद संपले. ठकी उपाशी झोपू लागली आणि झोपेत दात वाजवू लागली. गिरजाबाई तिच्याकडे बघत बसे. तिला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा जास्त राग येत होता. साहेबांचा येत होता, बगळ्याचा येत होता, पण सगळ्यांत जास्त बारकूचा येत होता, ज्याने त्या पडद्यासाठी स्वतःच्या पाठीचे काटे उपसून दिले. एवढा राग आल्यावर साळू जे करते ते तिने केलं. ती उठली, भर संध्याकाळी सगळ्यांच्या देखत फाट्यावर गेली आणि फलकाचे बांबू कुरतडू लागली.

वस्ती गोळा झाली. कोणी मदत केली नाही आणि कोणी अडवलंही नाही. वाढदिवसाचा फलक आधी पडला, मग सुरक्षेचा. साहेबांचे दोन्ही चेहरे धुळीत उताणे झाले. आणि कितीतरी दिवसांनी बाभूळफाट्यावरून रस्ता दिसला, डावीकडे लांब टेकडीपर्यंत आणि उजवीकडे थेट नाल्यापर्यंत. कुठेही धूळ नव्हती. गिरजाबाईला रडू आलं. तिने ठकीला पुढे घेतलं, आणि दोघी चालत, पळत नाही, चालत पलीकडे गेल्या. ठकी पाणवठ्याचं पाणी पहिल्यांदा प्यायली आणि तिने विचारलं, "आये, एवढंच व्हतं व्हय?"

"एवढंच व्हतं," गिरजाबाई म्हणाली.

सकाळी वस्ती पेटली. साहेब अजून उठलेही नव्हते. पेटले ते शुभेच्छुक. ज्यांचे ज्यांचे चेहरे तळाच्या ओळीत होते ते सगळे धावून आले. "माझा चेहरा मातीत पाडला!" एक ससा ओरडत होता. "दोन वर्षं साहेबांची गाजरं वाहिली तेव्हा कुठे गोल मिळाला होता!" मेलेल्या घुशीचा नवरा तर ऊर बडवत होता, की माझ्या मंडळीची एकच खूण उरली होती, तीही या बाईने पाडली. सगळ्यांनी फाट्यावर बैठक मारली आणि रास्ता रोको केला. त्या दिवशी दोन्ही बाजूंनी धावत आलेल्या जनावरांना गर्दी लांबूनच दिसली आणि ती थांबली. दिवसभरात कोणी दगावलं नाही, पण एवढ्या गडबडीत ते कोणाच्या ध्यानात आलं नाही.

हसमुखराव तरसांनी मागणी केली की या बाईवर कठोर कारवाई करा. त्यांचाही एक फलक पुढच्या आठवड्यात तिथेच लागायचा होता.

शिंगाडेसाहेब मात्र मुरलेले होते. कारवाई केली तर साळिंदरांची मतं जातील आणि नाही केली तर शुभेच्छुकांची. त्यांनी सकाळभर रवंथ केला आणि दुपारी फाट्यावर येऊन भाषण केलं. "गिरजाताईंनी फाटा मोकळा केला. कोणाच्या प्रेरणेने केला? सरकारच्या! आमचंच धोरण त्यांनी आपल्या दातांनी राबवलं. मी त्यांचा जाहीर सत्कार करतो." माकडांनी हार आणला. तो गिरजाबाईच्या गळ्यात घालायला कोणी धजेना, म्हणून लांबून फेकला आणि तो काट्यांवर अडकला.

संध्याकाळच्या आत नवा फलक उभा राहिला. साळूच्या दातांचा अनुभव जमेस धरून या वेळी खांब दगडी होते. 'बाभूळफाटा अडथळामुक्त केल्याबद्दल माननीय शिंगाडेसाहेबांचे जाहीर आभार' असा मजकूर होता आणि फलक डावीकडून उजवीकडे असा सलग होता, मधे फक्त पायवाटेपुरती फट. तळाच्या ओळीत सगळे जुने शुभेच्छुक परत आले होते, आणि त्यांच्या मधोमध, इतरांहून दुप्पट गोलात, गिरजाबाई होती. तिला कोणी विचारलं नव्हतं. वस्तीतल्या बायका मात्र येऊन म्हणून गेल्या, "गिरजे, नशीब काढलंस बाई."

गिरजाबाईने दगडाला दात लावून बघितला. एक दात तुटला.

मतदानाचा दिवस आला. मतदान पलीकडे पाणवठ्यावर, जांभळीखाली होतं. गिरजाबाई ठकीला घेऊन फटीत उभी राहिली. काही दिसत नव्हतं. तिने जमिनीला कान लावला. धडधड येत होती की आपलीच छाती उडते आहे, तिला कळेना.

"आये, तुझंच तोंड आडवं येतंय," ठकी म्हणाली.

"पळ," गिरजाबाई म्हणाली.

त्या पळाल्या. मागून कळप गेला. गिरजाबाईच्या शेपटीचे काटे त्याच्याबरोबर गेले, बाकी दोघी पोचल्या. धापा टाकत ती बगळ्यापुढे उभी राहिली. बगळ्याने तिच्या पंजाला जांभळाचा ठिपका लावला.

"तुमच्या घरचं एक मत सकाळीच झालं," तो म्हणाला. "बारकू साळिंदर."

"आवं, ते मेले. त्या फाट्यावर मेले. समद्या जंगलाला ठावं हाय."

"असेल. पण मतदान केलं त्यांनी. शांतपणे रांगेत उभे होते."

"आनि आले कुटनं?"

"फाट्यावरूनच की. दुसरी वाट कुठे आहे?"

ठकीने आईकडे बघितलं. आई फाट्याकडे वळली होती. परत जायचा रस्ता अजून ओलांडायचा होता.

शिंगाडेसाहेब प्रचंड मतांनी निवडून आले. विजयी सभेत त्यांनी खालच्या वस्तीचे खास आभार मानले. ते म्हणाले की वस्तीतून यंदा पूर्वी कधी झालं नव्हतं एवढं मतदान झालं. बारकू साळिंदर आले, त्या सगळ्या घुशी आल्या, कंत्राटी कासवं झाडून आली, सगळे बाभूळफाटा ओलांडून आले, आणि त्यांच्यापैकी एकालाही साधं खरचटलंसुद्धा नाही.